स्थळ बघून दिलेली झाडं

भंडाऱ्यात आमच्या मंडळाला कुणी मंडळ म्हणत नसे. 'झाडांचं वधूवर सूचक केंद्र' म्हणत. असं म्हणणाऱ्यांशी मी भर बाजारात भांडले आहे, पण त्यांचं तरी काय चुकत होतं? आमच्याकडचं रोप फुकट मिळे, मात्र मागितलं म्हणून मिळत नसे. आधी आम्ही तिघं तुमच्या घरी येणार. अंगण बघणार, विहीर बघणार, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकणार, दिले तर पोहे खाणार, आणि परत जाऊन ठरवणार, की या ठिकाणी आपली पोर द्यायची की नाही.

ही कल्पना भांडेवाल्या काकांची. मंडळही त्यांचंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे घर, मागे भांडी घडवायची भट्टी आणि भट्टीच्या मागे वाडी, म्हणजे परसदार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याची बदली वरठीच्या रेल्वे स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीवर झाली आणि आम्ही त्या गल्लीत खोल्या घेतल्या. मी सोलापूरकडची. झाडीपट्टीत जायचं म्हणून मी मनात केवढं मोठं रान उभं केलं होतं. इथे येऊन बघते तर ज्याच्या त्याच्या अंगणात गुलमोहर, शाळेपुढे निलगिरी आणि साहेबांच्या बंगल्यापुढे अशोक. मी नव्या शेजारणींना विचारलं, "झाडी कुठाय हो तुमची?" त्यांना तो टोमणा वाटला. टोमणाच होता.

तो काकांच्या कानावर गेला आणि त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. भांडायलाच बोलावलं असेल म्हणून मी पदर खोचून गेले. तर त्यांनी पितळेच्या पेल्यात पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "बाई, तुमी बरोबर बोलल्या. पिकते तिथं विकत नाही, पाहा. मोह, चार, बेहडा, बिबा, कुसुम, हे झाडं पाह्यले आता रानात जा लागते. आमच्या लेकराईले निलगिरीचं नाव येते, कुसुमाचं येत नाही. येता का आमच्या मंडळात?" मंडळात तोवर दोनच माणसं होती. एक ते स्वतः आणि दुसरे निवृत्त नाकेदार, म्हणजे जंगलखात्यातले वनरक्षक. तिसरी मी झाले. आयुष्यभर लोक मला तोंडाळ म्हणत आले. या मंडळात मात्र मला त्या तोंडासाठीच घेतलं होतं, हे काकांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

काकांना तीन मुली, तिघींची लग्नं झालेली. एक रायपूरला, एक छिंदवाड्याला, एक जबलपूरला. स्थळं बघण्यात त्यांचा हात बसला होता. सरकारी रोपं ट्रकमधून येत, गावोगाव वाटली जात आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या काड्या होत. काका म्हणत, "पोरगी देतो तं घर पाह्यतो का नाही आपन? मंग झाड देतानी कायले नाही पाह्यचं? बिनापाह्यता देल्ली पोर कोन सांभाळते जी?" हे बोलणं आजच्या मुलींना रुचणार नाही. मलाही तेव्हा पुरतं रुचलं नव्हतं, आणि मी ते काकांना तोंडावर सांगितलंही. पण झाडं जगत होती. जगणाऱ्या झाडापुढे मी काय वाद घालणार?

आमची कामं वाटलेली होती. नाकेदार पोचल्या पोचल्या मागे शिरत आणि सब्बल, म्हणजे पहार, मारून माती बघत. शेजारी बकऱ्या कुणाच्या, त्या आत कुठून येतात, कुंपण कशाचं आहे, हे बघणं त्यांच्याकडे. माणूस जात्याच अबोल. बकरी दिसली की तेवढं बोलत. मी बायकांत बसे. उन्हाळ्यात विहीर किती खाली जाते, पाणी कोण भरतं, आणि भरणारीलाही झाड हवंय की नुसतं घरधन्याच्या मनात आलंय, हे मी काढून घेई. काका ओसरीवर बसून दहा प्रश्न विचारत, पण त्यातला खरा एकच असे: घरात म्हातारं माणूस आहे का? दिवसभर अंगणात बसून बकऱ्यांवर काठी उगारणारं एखादं म्हातारं असलं, की ते घर काका डोळे झाकून पास करत. त्या प्रश्नामुळे कितीतरी म्हाताऱ्यांची घरात किंमत वाढली. "मामंजी आहेत म्हनून आवळा भेटला," असं एका सुनेनं गल्लीभर सांगितलं, आणि मामंजी त्या आवळ्यापाशी खाट टाकून चहासुद्धा तिथेच मागवू लागले.

रोपं वाढत ती काकूंच्या हाताखाली. जुनं पितळ मोडीत देऊन नवं भांडं न्यायची तेव्हा रीत होती. मोडीत आलेली भोकं पडलेली गुंडं, म्हणजे पाण्याचे पितळी घडे, चेपलेली घंगाळं, बूड गेलेली तपेली काका भट्टीत न घालता बाजूला ठेवत, आणि त्यांत रोपं लावली जात. मागच्या लांबलचक ओट्यावर काकूंनी त्यांच्या रांगा मांडल्या होत्या. नदीची रेती आणि गोठ्यातलं खत त्या स्वतः कालवत. सकाळी आणि उन्हं उतरली की तांब्यातांब्यानं पाणी. रोप आपल्या स्थळी निघालं की काकू गुंडाला हळदकुंकू लावत, मुळाशी चिमूटभर तांदूळ टाकत आणि म्हणत, "जाय बाई." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. काकूही हसल्या, पण तांदूळ टाकायचे राहिले नाहीत. गुंड नंतर परत आणून द्यावं लागे, आणि ती वसुली अर्थातच माझ्याकडे होती.

पहिल्याच वर्षी काकू काकांना म्हणाल्या, "आपल्या वाडीत एक चार लावा ना जी." चार म्हणजे ज्याच्या बियांतून चारोळी निघते ते झाड. काकूंचं माहेर अड्याळकडचं, रानाला लागून. लहानपणी चाराच्या झाडांखालीच खेळलेल्या. काका म्हणाले, नियम तो नियम, स्थळ बघितल्याशिवाय आपल्याही घरी झाड नाही. आणि आम्ही खरोखरच त्यांच्या घराची पाहणी केली. काका स्वतःच्या ओसरीवर पाहुणे होऊन बसले, काकूंनी पोहे केले, नाकेदारांनी वाडीत सब्बल मारली. भट्टीतून निघालेली भांडी उजळायला तेजाब, म्हणजे ॲसिड लागे, आणि ते धुतलेलं पाणी पिढ्यानपिढ्या त्या वाडीत मुरत आलेलं. मातीवर हिरवट रंग चढला होता. तुळससुद्धा काकूंना जमिनीत लावता आली नव्हती, ती घंगाळात होती. काकांनी उभं राहून निकाल दिला, "नापास."

या एका शब्दानं मंडळाचं नाव झालं. ज्यानं स्वतःच्या घराला नापास केलं तो वशिल्यानं कुणाला झाड देणार नाही, हे गावाला कळलं. आवळा देऊन कोहळा काढायला निघालेत, अशी कुजबुज करणारेही गप्प झाले. काका पुढे ज्या ज्या घरी जात तिथे ही गोष्ट सांगत, आणि जरा रंगवूनच सांगत. काकूंच्या देखत सुरू झाली की काकू उठून आत जात. नवऱ्याचं कौतुक ऐकायला त्यांना लाज वाटते, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

काकांना बायकोची हौस ठाऊक नव्हती असं नाही. दर उन्हाळ्यात ते अड्याळच्या बाजारातून पळसाच्या पानांच्या द्रोणात काळीजांभळी चारं घेऊन येत आणि म्हणत, "घे, तुह्या माहेरचा मेवा." काकू त्यातलं एखादं तोंडात टाकत आणि उरलेली गल्लीतल्या पोरांत वाटून देत. मग कधीतरी रोपांना पाणी घालताना पुन्हा म्हणत, "आपल्या वाडीत एक असतं तं." की काका पुढच्या उन्हाळ्यात आणखी मोठा द्रोण आणत. हे असं वर्षानुवर्षं चाललं.

आमची स्थळं तोवर नदीपार गेली होती. कारध्याच्या एका घरी आम्ही वैनगंगेवरच्या जुन्या पुलावरून चालत गेलो. घरधन्याला मोह हवा होता. घर पास होण्यासारखं. आजोबा, विहीर, बोराट्यांचं घट्ट कुंपण, सगळं होतं. मी आत गेले तर त्याची बायको चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "लावा जी, खुशाल मोह लावा. आता याले फुलं येचाले रानात तरी जा लागते. दारातच लावून द्या, म्हंजे दारूची भट्टी लावाले तेवढाबी तरास नोको." मी बाहेर येऊन काकांना डोळ्यांनी खुणावलं. त्या घरी आम्ही कवठ दिलं. घरधनी पुढे माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. त्याची बायको मात्र बाजारात भेटली की माझ्या पिशवीत मूठमूठ तुरीच्या शेंगा घाली.

दिवाळी झाली की आम्ही दिलेल्या झाडांची विचारपूस करायला निघत असू, माहेरची माणसं जातात तशी. एका वर्षी एका वकिलांच्या दारी गेलो तर आमच्या बेहड्याच्या कोवळ्या खोडाला दोरी बांधलेली, दोरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला आणि दोरीवर घरादाराचे कपडे. रोप कमरेत वाकलं होतं. काका म्हणाले, समज देऊ. मला कसला धीर! मी नाकेदारांकडे बघितलं, त्यांनी सब्बल मारून मुळाच्या मातीसकट रोप काढलं, मी ते पदरात घेतलं आणि भर बाजारातून घरी आणलं. वकील मागून ओरडत होते, ही चोरी आहे. मी वळून म्हटलं, "जा कोर्टात! न्यायाधीशांच्या अंगणात बेल आमचाच आहे!" काकूंनी ते रोप हातात घेतलं. "आली का बाई परत," म्हणाल्या आणि एका घंगाळात लावून सावलीला ठेवलं. वर्षभरानं ते पुन्हा दुसऱ्या घरी गेलं.

अशी वर्षं गेली. रस्त्यांच्या कडेनं निलगिरीच्या जोडीला सुबाभूळ आली. मंडळात माणसं वाढली, पण स्थळं बघायला आम्ही तिघंच. वरठीला पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि तिथे कामाला जाणारे लोक मोटारसायकलच्या मागे रोप बांधून नेऊ लागले. घरोघर स्टीलची भांडी आली. लग्नात पितळेचं गुंड देणं मागे पडलं. काकांची भट्टी आधी कधीमधी पेटे, मग सणावारापुरती, मग तीही थंडावली. हाताखाली आलेल्या त्यांच्या पुतण्यानं दुकानात स्टीलचे डबे मांडले, काका त्या डब्यांकडे पाठ करून बसू लागले. भट्टी विझली त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनाही वाईट वाटलं असणार. पण वाडीत जाणारं तेजाबाचं पाणी थांबलं होतं, आणि ते एकट्या काकूंच्याच ध्यानात होतं.

दोन-तीन पावसाळे त्यांनी वाडी धुऊन निघू दिली. मग एका बैठकीला त्यांनी चहाचे कप खाली ठेवले आणि नेहमीसारखं आत न जाता जाजमाच्या कडेला बसल्या. "एक मांगनी आहे," त्या म्हणाल्या. "माह्या घरी स्थळ पाह्यले या."

आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नाहीत, मग आम्ही रविवार ठरवला.

रविवारी आम्ही तिघं रीतसर पुढच्या दारानं आत गेलो. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाडी झाडून सारवलेली, कडेनं बांबूचं नवं कुंपण. काकांसाठी दुकानातली खुर्ची आणून ठेवलेली, आणि तीत ते अंग चोरून बसले होते. पाणी कोण घालणार, हे विचारायची पाळी माझी होती. माझी जीभ रेटेना. ज्या बाईनं सगळ्या गावाच्या झाडांना पाणी घातलं तिला हे कुठल्या तोंडानं विचारायचं? म्हातारं माणूस आहे का, हेही विचारण्यात अर्थ नव्हता. ते समोर खुर्चीत बसलं होतं.

नाकेदारांनी सब्बल मारली. वरची माती चांगली निघाली, काळी, भुसभुशीत, गांडुळासकट. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी आणखी खोल मारली आणि खालून हिरवेनिळे गोळे वर आले. नाकेदारांनी एक गोळा चुरला, नाकाशी नेला आणि मूठ मिटून तसेच उभे राहिले. त्यांना तो खाली टाकवेना.

"काय निघालं जी?" काकांनी विचारलं.

"खालतं अजून तेच आहे," नाकेदार म्हणाले.

काकांनी वाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "नापास."

माझा तोल गेला. "काका, हे घर आहे की कचेरी? सगळ्या जिल्ह्याच्या पोरी या बाईनं वाढवल्या, आणि तिला एक झाड मिळू नये? कसला तुमचा नियम!"

"मरन बाई ते झाड," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "मरनार आहे हे माहीत असून देऊ का? मंग हिलेच रडा लागन." मी आणखी मोठ्यानं बोलायला लागले. शेवटी काकूच मधे पडल्या. "माती खराब आहे तं आहे. त्याच्यापायी तुमी कायले भांडून राहिले? पोहे थंडे होतेत," म्हणाल्या आणि आत गेल्या. ते पोहे मी कसेबसे गिळले. काकूंच्या डोळ्यांकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

गल्लीत बाहेर पडल्यावर नाकेदार थांबले. "माती खराब आहे तं माती बदलवू," ते म्हणाले. "त्यात काय आहे?" मी खेकसले, की एवढी माती आणायची कुठून? पेरण्या तोंडावर आलेल्या, शेतातली कोण देणार? नाकेदार म्हणाले, "जिथं जिथं पोरी देल्या, तिथून." त्या माणसाला मी इतक्या वर्षांत एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ही कल्पना मला सुचली नाही याचा मला थोडा रागही आला, पण तो मी तेव्हा गिळला.

निरोप पोचवायचं काम माझं. मी बाजार धरला, नवऱ्यानं तिकिटाची खिडकी. ओळखीचं कुणी दिसलं की तिकिटाबरोबर निरोपही द्यायचा. निरोप एवढाच, की तुमच्या दारी आमचं जे झाड आहे त्याच्या आसपासची एक घमेलं माती काकूंच्या वाडीसाठी द्या, आणि काकांना कळू देऊ नका.

आणि माती येऊ लागली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतून आली, बादल्यांतून आली, वरठीहून मोटारसायकलच्या मागे दोरीनं आवळून आली. कारध्याची ती बाई डोक्यावर घमेलं घेऊन पूल ओलांडून चालत आली, आणि तिच्या मागे दुसरं घमेलं घेऊन तिचा घरधनी, अजूनही माझ्याकडे न बघता. आवळ्याच्या मामंजींनी मिठाईच्या खोक्यात भरून, वर झाकण लावून पाठवली. एकानं माती कमी आणि शेणखत जास्त आणलं, त्यावरून ओट्यावर वाद झाला. आणि एके दिवशी चक्क ते वकील पोतं घेऊन हजर. म्हणाले, "झाड तुम्ही नेलंत. माती तर आमचीच होती ना?" मी त्यांना पहिल्यांदाच चहा विचारला. काका गादीवरून हे सगळं बघत आणि विचारत, "अरे, हे काय चालू आहे?" पुतण्या तोंड वळवून म्हणे, "काही नाही काका, मोड येऊन राहिली." काकांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते मागे फिरकले मात्र नाहीत.

नाकेदारांनी आणि पुतण्यानं खड्डा खणला. इतका रुंद आणि इतका खोल, की काकू ओरडल्या, "विहीर पाडता काय रे?" हिरवी माती बैलगाडीत भरून गावाबाहेर टाकली. मग खड्डा भरायला घेतला. कुठली काळी, कुठली तांबूस, कुठली नदीकाठची भुरकी. काकू कडेला बसून प्रत्येक घमेल्याला थांबवत. "हे कोनाकडची?" मी सांगे, ही आवळ्याची, खाटेजवळची. ही शाळेमागच्या कुसुमाची. ही कारध्याच्या कवठाची. "कवठ केवढं झालं?" त्या विचारत. मी हात वर करून दाखवी. त्या मूठभर माती हातात घेत, बोटांनी मोकळी करत आणि खड्ड्यात सोडत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपण तिघं दर दिवाळीला झाडांच्या गाठीभेटी घेत फिरत होतो आणि काकू मागे राहून पुढची रोपं वाढवत होत्या. घराबाहेर गेलेली बहुतेक झाडं त्यांनी पुन्हा पाहिलीच नव्हती.

खड्डा भरल्यावर मी काकांना हाताला धरून आणलं. नाकेदारांनी त्यांच्यासमोर सब्बल मारली, तळापर्यंत, आणि टोकाला लागलेली माती पुढे केली. काकांनी ती चुरली, वास घेतला. "पास," म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

चाराचं रोप निवडायला काकूंना वेळ लागला नाही. ओट्यावरच्या रांगेतून त्या सरळ एका गुंडापाशी गेल्या. ते त्यांनी कधीचं हेरून ठेवलं असणार. नाकेदारांनी गुंड अलगद कापलं, रोप मातीत उतरवलं, काकूंनी दोन्ही हातांनी माती दाबली. मी हळदकुंकवाची कुयरी पुढे केली. काकूंनी मान हलवली. "हे कोठं चाललं आहे?" त्या म्हणाल्या.

काका एव्हाना खुशीत आले होते. कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "चाल, आता काही वर्सांनी घरचेच चार खाशीन तू. अड्याळच्या बाजाराचं काम नाही."

"मले चार खाले कायले पाह्यजे?" काकू म्हणाल्या. "तुमी आनले ते तरी कवा खाल्ले मी? गल्लीतले लेकरंच खात होते."

काकांनी कंबरेवरचे हात खाली घेतले. "मंग इतके वर्सं चाराचा धोशा काहून लावला होता?"

काकू उठल्या नाहीत. रोपाभोवतीची माती हातानं सारखी करत बोलत राहिल्या. "तीन पोरी देल्या. तिघीबी दूर. मंग ह्या ओट्यावरच्या पोरी. लावा, वाढवा, अन् पानं फुटले का कुंकू लावून धाडून द्या. एक तं घरी राहावं ना जी. चाराचं झाड एकदा जमिनीत बसलं का मंग त्याले कोनी काढून नेऊ शकत नाही. नेलं तं मरते. म्हनून चार पाह्यजे होतं."

वाडीत आम्ही चार-सहा माणसं होतो. त्या सगळ्यांदेखत मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"हे तू मले काहून नाही सांगितलं?" काकांनी विचारलं.

"तुमी साऱ्या जिल्ह्यात इचारत फिरले," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "मले कवा इचारलं?"

काका ओट्यापाशी गेले, काकूंचा तांब्या भरून घेतला आणि वाकून रोपाला पाणी घालू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना एकाही रोपाला पाणी घालताना पाहिलं नव्हतं. अर्धं पाणी धोतरावर सांडलं.

"मुळावर नोको," काकू म्हणाल्या. "कडेकडेनं घाला."